इलेक्ट्रिक ट्रकवर घर आणि विजेची हत्यारं कशी चालवावीत

फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्सासची वीज गेली. घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. त्याच दिवसांत फोर्डने तिथल्या डीलरांना सांगितलं की, वीज देऊ शकणारे एफ-१५० हायब्रिड ट्रक गरजूंना वापरायला द्या. पुढच्या वर्षी एफ-१५० लाइटनिंग आला. त्याला इंजिनच नाही, त्यामुळे धूर नाही आणि बंद गॅरेजमधूनही तो वीज देऊ शकतो. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. तिकडच्या मराठी घरांना ही माहिती कधीही कामाला येईल.

पुढचं सगळं लाइटनिंग धरून लिहिलं आहे. बॅटरी ९८ किंवा १३१ युनिटची असते, म्हणजे ती सहसा कमी पडत नाही. अडतं ते सॉकेटपाशी, मोटर सुरू होताना आणि न्यूट्रलच्या जोडणीत.

१. आपल्या ट्रकमध्ये काय आहे ते बघा

काही ट्रकमध्ये एकूण २.४ किलोवॉटचीच सोय असते, काहींमध्ये ९.६ किलोवॉटची. दुसऱ्या प्रकारात १२० व्होल्टची १० सॉकेट आणि २४० व्होल्ट, ३० अँपिअरचं एक सॉकेट मिळतं. हे मोठं सॉकेट मागच्या हौद्यात असतं. चार पिनांचं, प्लग घालून फिरवला की अडकणारं.

९.६ हा आकडा दोन तुकड्यांत येतो, हे नीट लक्षात घ्या. पुढच्या बॉनेटखालच्या चार सॉकेटना मिळून २.४ किलोवॉट, आणि हौदा व केबिन मिळून ७.२. सगळी ताकद सॉकेटांच्या एकाच गटातून घेता येत नाही. बॉनेटखालच्या चारही सॉकेटांत प्रत्येकी २.४ मिळतात अशी समजूत करून तिथे मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की वीज बंद पडते.

२. भाराची यादी करा

प्रत्येक उपकरणासमोर दोन आकडे लिहा: चालताना लागणारे वॅट आणि सुरू होताना लागणारे वॅट. दुसरा आकडा फक्त मोटर असलेल्या वस्तूंसाठी. फ्रिज चालताना १५० ते २०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तळघरातला पाणी उपसायचा पंप ८०० वॅटचा असेल तर सुरुवातीच्या झटक्यासाठी तिप्पट धरा. गॅस फर्नेसचा पंखा साधारण ५००, छोटा खिडकीचा एसी ५०० ते ७००, इन्स्टंट पॉट १०००, इंडक्शन शेगडी १८००. शेगडी आणि पॉट आलटून पालटून चालवा, एकदम नको.

तीन टनांचा सेंट्रल एसी चालताना ३ ते ३.५ किलोवॉट घेतो. कागदावर तो ७.२ मध्ये बसतो, पण सुरू होताना इतका करंट ओढतो की ट्रक हात वर करतो. बाहेरच्या युनिटला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण, बसवला तर जमू शकतं. तो आधी बसवून, तपासून ठेवा.

आता दिवसांचा हिशोब. १३१ युनिटची बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि गाडी चालवायला ३० टक्के राखून ठेवायचे आहेत. उरले ९२, इन्व्हर्टरमध्ये दहाएक टक्के जातात, म्हणजे हाती ८२. घराला रोज ९ युनिट लागत असतील तर नऊ दिवस चालेल असं वाटतं, पण तेवढं चालत नाही. वीज देण्याची सोय चालू असताना ट्रक स्वतःसाठीही काहीशे वॅट खातो. समजा ३०० वॅट, तर चोवीस तासांत ७ युनिट, म्हणजे बहुतेक फ्रिजपेक्षा जास्त! मग तेच घर पाच दिवस चालतं. म्हणून गरज नसेल तेव्हा ही सोय बंदच करा. दार न उघडलेला फ्रिज चार तास आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास थंडी धरतो. आपला ट्रक नेमका किती खातो हे एकदा काहीही न जोडता रात्रभर चालू ठेवून टक्क्यांत मोजून घ्या.

३. हत्यारांसाठी वायर जाड घ्या

गोल करवत किंवा मोठा ग्राइंडर १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १८०० वॅट. एका १२० व्होल्टच्या सर्किटवर असं एकच हत्यार. दुसरं लावायचं तर वेगळ्या सर्किटवर. एअर कॉम्प्रेसर स्वतंत्र ठेवा आणि पहिल्यांदा सुरू करताना टाकीतली हवा सोडून द्या, म्हणजे मोटरवर भार कमी येतो.

गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. करंट १५ अँपिअर आणि वायर १०० फूट असेल तर १६ गेजच्या वायरमध्ये सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात, १४ गेजमध्ये साडेसात, १२ गेजमध्ये पाचाच्या आत. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी जळते. तेव्हा १२ गेज घ्या, बाहेर वापरायचीच. गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. पावसात जोड जमिनीवर पडू देऊ नका.

४. घराला जोडायचे तीन मार्ग

पहिला म्हणजे सरळ एक्स्टेन्शन: फ्रिज, राउटर, दिवे. भाड्याच्या घरात हाच योग्य.

दुसऱ्या मार्गात बाहेरच्या भिंतीवर चार पिनांचा इनलेट (बाहेरची वीज घरात घेणारा जोड), तिथून पॅनेलपर्यंत, म्हणजे घराच्या ब्रेकरच्या पेटीपर्यंत, १० गेजची वायर आणि मध्ये घर लाइनवर की ट्रकवर हे ठरवणारा चेंजओव्हर स्विच. ट्रकपासून इनलेटपर्यंतची केबलही १० गेजचीच, चार तारांची. यातून ७.२ किलोवॉट मिळतात, तेही १२० व्होल्टच्या दोन बाजूंना (फेजना) ३.६ असे वाटून. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह वेगवेगळ्या बाजूंच्या ब्रेकरवर येतील असं इलेक्ट्रिशियनला सांगा. तासन्‌तास चालणारा भार २४ अँपिअरच्या आत ठेवा.

तिसरा मार्ग फोर्डचा ८० अँपिअरचा चार्जर आणि त्यासोबतची होम इंटिग्रेशन यंत्रणा. चार्जरसाठी १०० अँपिअरचं वेगळं सर्किट लागतं, खर्च मोठा. पण वीज गेली की घर आपोआप ट्रकवर जातं आणि ९.६ किलोवॉट मिळतात. मात्र ट्रक चार्जरला लावलेला असायला हवा.

दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून ड्रायरच्या सॉकेटमधून घरात वीज सोडणं हा मार्ग नाही. मेन चालू राहिली तर तुमचे २४० व्होल्ट रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ७,२०० व्होल्ट होऊ शकतात आणि खांबावरचा वायरमन मरतो.

५. न्यूट्रलचा घोळ

दुसरा मार्ग निवडणाऱ्या अनेकांचं इथे अडतं. सगळं जोडलं, केबल लावली आणि ट्रकने ग्राउंड फॉल्ट दाखवून वीज तोडली! ट्रक बिघडलेला नसतो. ट्रकमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेले असतात आणि सॉकेटला गळती ओळखणारं संरक्षण असतं, आपल्याकडच्या ईएलसीबीसारखं. घराच्या मेन पॅनेलमध्येही न्यूट्रल-अर्थिंग जोडलेलेच. मग परतीचा करंट दोन वाटांनी येतो, थोडा न्यूट्रलमधून, थोडा अर्थिंगच्या तारेतून. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, म्हणून ट्रक ती गळती समजतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा चेंजओव्हर स्विच. ब्रेकरवर बसणारी साधी इंटरलॉक पट्टी (लाइन आणि ट्रकचे ब्रेकर एकदम चालू होऊ न देणारी) न्यूट्रल बदलत नाही, त्यामुळे तिने हा प्रश्न सुटत नाही. केबलमधली अर्थिंगची तार कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ट्रिप थांबेल, पण फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर ब्रेकर पडेलच याची खात्री उरणार नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, परमिट काढून आणि तपासणी करवून घ्या.

६. वीज गेल्यावरचा क्रम

ट्रकचा गिअर ‘पार्क’वर ठेवा. पॅनेलमधले सगळे घरगुती ब्रेकर खाली. केबल जोडा, मग स्क्रीनवरून वीज देणं सुरू करा, मग चेंजओव्हर ट्रकच्या बाजूला. पहिला ब्रेकर पंपाचा किंवा फ्रिजचा, म्हणजे ज्याचा झटका सर्वांत मोठा. बाकीचे एकेक करून, मध्ये काही सेकंद जाऊ द्या. ट्रिप झाली तर शेवटचा लावलेला ब्रेकर खाली करून स्क्रीनवरून पुन्हा सुरू करा. रेंज एक तृतीयांशाखाली आली की फोर्डच्या ॲपवर सूचना येते, ती चालू ठेवा.

महाराष्ट्रात नेक्सॉन ईव्ही किंवा आयोनिक ५ सारख्या गाड्यांत हीच सोय २३० व्होल्ट सिंगल फेजवर, साधारण साडेतीन किलोवॉटपर्यंत मिळते. दिवे, फ्रिज, ड्रिल मशीन चालेल; शेतातला तीन फेजचा पंप त्यावर लावू नका.

लाइन परत आली की उलट क्रम: ब्रेकर खाली, चेंजओव्हर लाइनकडे, ट्रकची वीज बंद, आणि केबल सर्वांत शेवटी काढा. भार चालू असताना प्लग ओढला तर ठिणगीने पिना जळतात आणि पुढच्या वेळी तोच जोड तापतो.