मे महिन्यात गावचं घर उघडताना: काय न्यायचं, काय करायचं (आणि दोर)

आधी दोर. विहिरीचा दोर. कपडे, चार्जर, पोरांच्या टोप्या, ओडोमॉस हे तुम्ही न सांगता घेताच. दोर कोणी घेत नाही, कारण सगळ्यांना वाटतं तो तिथे आहेच की, रहाटाला गुंडाळलेला, दिवाळीत त्यानेच तर पाणी काढलं होतं. हो, काढलं होतं, पण दिवाळीत विहीर वरपर्यंत भरलेली असते. मे महिन्यात तेच पाणी पार खाली जातं. मागच्या खेपेला आमचा पोहरा पाण्याच्या हातभर वर लोंबकळत राहिला, खाली पाणी चकाकतंय, कडेच्या चिऱ्यावर बेडूक बसलेला दिसतोय, आणि इकडे दोर संपला. लाईट गेलेली, टाकी रिकामी, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि सासूबाई एक शब्द न बोलता माझ्याकडे बघतायत.

रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. जांभ्या दगडातून झिरपून उताराने समुद्राला जातं, दुसरं काय. म्हणून दोराचं माप पाण्यापर्यंतचं घेऊ नका, तळापर्यंतचं घ्या. सुतळीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडायची, आणि त्यावर पाच-सहा हात जास्त धरायचे, कारण रहाटावरून येऊन तुमच्या हातात पण दोर उरायला हवा ना. स्वतः जाऊन मोजणं शक्य नसेल तर शेजारच्या काकूंना फोन करा, त्या हसतील, हसू देत. दोर बोटाएवढा जाड हवा, बारीक नायलॉन चार पोहऱ्यांत तळहात सोलतो. काथ्याच्या सुंभाला पकड छान बसते पण ओला तसाच कोपऱ्यात पडला तर कुजतो, आणि उंदरांनी कुरतडलेला सुंभ वरून धड दिसतो, वजन आल्यावर तुटतो. म्हणून जुना दोर असला तरी नवा न्याच. मोकळं टोक खांबाला बांधा, नाहीतर पोहऱ्याबरोबर दोरही आत जाईल. मग गळ कोणाकडे आहे ते वाडीभर विचारत फिरा.

"आमच्याकडे पंप आहे" म्हणणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण आम्हीही तेच म्हणायचो. काठावर बसवलेला जुना पंप असेल तर तो साधारण पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढतच नाही, कितीही घरघरला तरी. शिवाय महिनोन्महिने बंद पडलेला असतो, पाईपच्या खालच्या टोकाचा फुटव्हॉल गळतो, पाईप रिकामा होतो, मग पंप चालू करायला आधी त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. आणि ती बादली कुठून काढणार? दोराने. पाण्यातली मोटर असेल तर हे सगळं वाचतं, पण तिलाही लाईट लागतेच, आणि मे महिन्यात संध्याकाळी ढग गडगडले की लाईट गेलीच समजा. आली की लगेच मोटर लावायची नाही, व्होल्टेज स्थिर होऊ द्या, कमी व्होल्टेजवर मोटर जळते आणि जळलेली मोटर वर काढायला माणूस त्याला वेळ होईल तेव्हा येतो.

रेल्वेने जाणार असाल तर रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून. जुने १२० दिवस डोक्यात धरून बसू नका. औषधं, रोख पैसे, बॅटरी. हो, बॅटरी म्हणजे हातातली, मोबाईलच्या उजेडावर भागवू नका.

बॅटरीवरून पुढचं. घर उघडल्यावर आधी खिडक्या, मग झाडू, आणि लाकडांच्या ढिगात, कौलांच्या चळतीत, नारळाच्या सोडणांच्या राशीत हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप खूप, असतं एवढंसं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही. रात्री मागीलदारी जाताना चप्पल आणि बॅटरी, पोरांना धाक घालून सांगा. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही, माणसाला फार हलवायचं नाही, १०८ लावायचा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस असते, पण जवळच्या कुठल्या दवाखान्यात ठेवतात ते पोचल्या दिवशीच विचारून ठेवा. तेव्हा धावपळीत विचारत बसायला वेळ नसतो.

आता वाडी. मोठ्या आंब्याला पाणी घालत बसू नका, त्याला लागत नाही. पाणी लागतं नारळाला, मोठ्या माडाला चार दिवसांनी दोनशेक लिटर, आणि गेल्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांना. आळ्यात पालापाचोळा नाहीतर सोडणं उपडी पसरून टाका, ओल टिकते, निम्मं शिंपणं वाचतं. कलमाजवळ बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून मडकं पुरलं तर दोन दिवस बाहेर गेलात तरी चालतं. शिंपायचं ते उन्हं उतरल्यावर. लाईट नसेल तर कलमांपुरतं पाणी पोहऱ्याने काढायला लागतं, आणि तेव्हा तुम्हाला माझा दोर आठवेल. मोगरा आणि अबोलीला न्हाणीचं पाणी सोडा, साबणाचं नको.

आंबे सकाळी काढा, काठीला जाळी बांधलेल्या झेल्याने, बोटभर देठ ठेवून. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, काळा डाग पडतो आणि फळ तिथूनच नासायला लागतं. हे मुंबईहून आलेल्या भाच्यांना समजावण्यात अर्थ नाही, त्यांना खाली फळं गोळा करायला ठेवा. पिकवायची आढी भाताच्या पेंढ्यात, थर कमी, एक दिवसाआड चाळायची, एक नासका राहिला तर शेजारचे चार जातात. फणस फोडायचा तर हाताला आणि विळीला आधी खोबरेल, खाली जुने पेपर, नेसूचे कपडे टाकाऊ. काजूच्या ओल्या बीचं तेल कातडी भाजतं, पोरांना सोलू देऊ नका. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणले त्याच दिवशी फोडा, बिया काढून सालींत साखर भरायची, काचेच्या बरणीत दाबायच्या, वर आणखी साखर, दादरा बांधून उन्हात. आमसुलं करायची असतील तर साली वाळवून त्याच रसात परत परत बुडवाव्या लागतात, एवढी चिकाटी माझ्यात नाही, मी विकत घेते.

पावसाआधीची कामं ७ जूनची, मृगाची वाट न बघता उरका, वळीव विचारून येत नाही. कौलं चाळणारा माणूस पोचल्या दिवशीच गाठा, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. लाकडं आणि शेणी पडवीत. अंगणातला मांडव उतरवून माडाचे झाप कोरडे आहेत तोवर आत. पन्हळीतला पाला काढा.

निघताना गॅस, मेन स्विच, मोटरची पेटी बंद. फ्रीज पुसून दार उघडं. डाळ-तांदूळ शेजारी देऊन टाका. दोर रहाटावर ठेवू नका, वाळवून घरात खुंटीला, किल्लीच्या शेजारी, आणि दिवाळीत कोणी "लांब आहे" म्हणून कापत असेल तर त्याचा हात धरा. आंब्याच्या पेट्या गाडीत वरती, फणसाखाली नाहीत. कोकमाच्या बरण्यांची झाकणं घट्ट आवळू नका, उन्हाने आतला रस फसफसतो, पायाशी उभ्या ठेवा आणि वाटेत चहाला थांबलात की एकदा सैल करून बघा.