एका युरोचा रविवार

शेजारच्या काकू परवा त्यांच्या धाकट्याला घेऊन आल्या. तो म्युनिकला निघालाय, मास्टर्स करायला. मी तिथं अडीच वर्षं काढून नुकताच साताऱ्याला परतलोय, म्हणून सल्ल्याचा मान माझा. पोराच्या हातात दोन पानी यादी : छोटा कुकर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि मोती चौकातले दोन किलो कंदी पेढे.

"पेढे काढ," मी म्हटलं. काकूंचा चेहरा पडला. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशातून सामानात घालून युरोपीय संघात नेता येत नाहीत. विमानतळावर बॅग उघडली तर पेढे कचऱ्यात जातात आणि आईचं तोंड आठवून आपल्याला रडू येतं. चटणी न्या, मेतकूट न्या. कुकर तर न्याच.

कागदपत्रांचं सगळेच सांगतात, त्यामुळे मी थोडक्यात आटोपतो. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात. रुपयांत आकडा डोळे फिरवणारा आहे, पण म्युनिकमध्ये खोलीचं भाडंच त्यातला मोठा घास घेतं. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही आता डोळे झाकून धरू नका. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला एक पैसा देऊ नका. मी दिले होते. न बघितलेल्या खोलीचं डिपॉझिट इथूनच, पोवई नाक्यावरच्या बँकेत बसून पाठवलं. खोली नव्हतीच. पहिला महिना एका मित्राच्या फरशीवर काढला.

आणि पत्रं. तिथं पेटीत आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, तुमच्याकडे टीव्ही असो वा नसो. मी ती पत्रं जाहिराती समजून टाकत गेलो आणि शेवटी सात महिन्यांचं एकदम भरलं.

पण हे सगळं निभतं. निभत नाही तो रविवार. हे मला निघताना कुणीच सांगितलं नव्हतं.

रविवारी तिथं दुकानं बंद. शनिवारी दूध-भाजी आणली नाही तर उपासच. सोमवार ते शनिवार लेक्चर, लॅब, विद्यापीठाच्या मेन्सामधलं स्वस्तातलं जेवण, संध्याकाळी रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये घालून पंचवीस-पंचवीस सेंट गोळा करणं, यात दिवस कळत नाहीत. रविवारी सकाळी मात्र घरी फोन झाला की अकरा वाजतात आणि पुढे काहीच नसतं. नोव्हेंबरात तर साडेचारला अंधार. खोलीत बसून इकडचे गणपतीचे व्हिडिओ बघणं मी तीन रविवार केलं. चौथ्या रविवारी थंडीला कंटाळून एका मोठ्या इमारतीत शिरलो, कारण दारावर लिहिलं होतं : रविवारी एक युरो.

ती आल्टे पिनाकोटेक, जुन्या चित्रांचं संग्रहालय. राज्य सरकारच्या बऱ्याच संग्रहालयांना म्युनिकमध्ये रविवारी एक युरोच तिकीट असतं. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवावी लागते; एक नाणं खिशात असू द्या. सोमवारी बंद.

मी चित्रातला 'च' न जाणणारा मेकॅनिकलवाला. पहिल्या दिवशी दोन तासांत सगळी दालनं पळत पाहिली आणि डोकं धरून बाहेर आलो. तसं करू नका. नंतर मी एका रविवारी एकच दालन धरायला लागलो. ड्यूरर या जर्मन चित्रकारानं काढलेलं स्वतःचंच चित्र आहे, १५०० सालचं. जेमतेम दोन फूट उंच, लाकडी फळीवर रंगवलेलं. सरळ तुमच्याकडे बघतो. केसांची बट न् बट मोजून घ्यावी अशी. शेजारी त्यानंच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की हे मी अठ्ठाविसाव्या वर्षी रंगवलं. मी तेव्हा चोवीसचा, थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झालेला. त्या माणसासमोर मी बराच वेळ बसून राहिलो.

इमारतीचीच गोष्ट मला जास्त आवडते. १८३६ साली उघडलेली ही वास्तू दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी फोडली. हान्स ड्योलगास्ट या वास्तुविशारदानं ती पुन्हा उभी केली, पण भगदाड लपवलं नाही. तिथं साध्या विटा बसवल्या, जखम दिसते तशी ठेवली. आपल्याकडे जुन्या वाड्याची भिंत ढासळली की सिमेंटचा गिलावा, वर गुलाबी ऑइल पेंट. असो.

त्याच परिसरात हिरवळीवर, उघड्यावर हेन्री मूरचं एक शिल्प आहे. दोन वर्षं मी त्याच्या शेजारून सायकल हाकली. एका इंग्रज वर्गमित्रानं नाव सांगितलं तेव्हा घरी फोनवर बाबांना म्हटलं, मोठा शिल्पकार आहे, तुम्हाला माहीत नसेल. बाबा म्हणाले, "मूर? तो औंधला आहे की."

मी हसलो. मग शोधलं. आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. त्यात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि मूरचं दगडी 'आई आणि मूल'सुद्धा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. बाबांनी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. मीही शाळेत असताना औंधला गेलो होतो, पण खाली देवळात प्रसाद घेतला आणि पोरांबरोबर क्रिकेट खेळत बसलो.

म्हणून काकूंच्या पोराला म्हटलं, यादी राहू दे, उद्या गाडी काढ. सकाळी निघालो. त्याला मी काही समजावून सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, एका दालनात वीस मिनिटं थांबायचं आणि फोन खिशात. पाचव्या मिनिटाला तो चुळबुळायला लागला. दहाव्याला रविवर्म्याच्या चित्राच्या अगदी जवळ गेला आणि साडीच्या काठाकडे बघत राहिला. मूरसमोर आला तेव्हा म्हणाला, "दादा, या बाईला चेहरा का नाही नीट?"

"तिकडं गेल्यावर दुसरं बघ, मग मला सांग."

परत येताना मोती चौकात थांबलो. नेता येत नाहीत म्हणून त्यानं पाव किलो पेढे तिथंच, गाडीवर बसून संपवले.