नव्या चढाईपटूने घाई आवरून निर्णय कसा घ्यावा

इंदूरमध्ये संध्याकाळी मुलांकडून कबड्डीचा सराव करून घेताना एक दोष मला वारंवार दिसतो: नवा चढाईपटू मध्यरेषा ओलांडताच समोरच्या एकाच गड्यावर नजर रोखतो आणि दोन्ही कोपरारक्षकांना विसरतो. 30 सेकंदांची चढाई त्याला तोकडी वाटते. प्रत्यक्षात तेवढा वेळ पुरेसा असतो.

म्हणून पहिले आठ-दहा सेकंद गुणाच्या मागे न लागता बचावपटूंनी हातात हात धरून साखळी कुठे केली आहे आणि कोणता कोपरा पुढे सरकतो आहे, एवढेच पाहावे. शरीराचा भार चवड्यांवर ठेवावा, कारण टाच टेकलेली असली की पाय उचलायला उशीर होतो आणि घोटा अलगद हाती सापडतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवरची निदानरेषा ओलांडूनही संधी दिसत नसेल, तर सरळ परतावे. रिकामी चढाई म्हणजे अपयश नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते.

सरावात प्रशिक्षकाने चढाईपटूच्या पाठीमागे उभे राहून एकाच बचावपटूला बोटाने खुणावावे. तो झेपावताच चढाईपटूने दम न सोडता विरुद्ध बाजूने मध्यरेषा गाठावी. हे रोज दहा वेळा तरी करावे.