पुण्याची इमारत, बोस्टनचं ऊन: रेव्हिटमध्ये लोकेशन देताना या चुका टाळा

रेव्हिट म्हणजे इमारतीचं मॉडेल आणि ड्रॉइंग बनवायचं सॉफ्टवेअर. त्याची बरीचशी तयार टेम्प्लेट (नव्या प्रोजेक्टचे साचे) उघडली की प्रोजेक्ट मुळात अमेरिकेतल्या बोस्टनला असतो. कोणी हात लावला नाही तर तिथेच राहतो, आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. प्लॅन, सेक्शन, शेड्यूल सगळं नीट निघतं. घोळ दिसतो तो सावल्या लावल्यावर. २१ डिसेंबरला ऐन मध्यान्ही २० मीटर उंच इमारतीची सावली पुण्यात साधारण १८ मीटर पडते. बोस्टनला ४४ मीटर. शेजारच्या विंगवर सावली येते का, गच्चीवर सोलर पॅनेलच्या ओळींत किती अंतर ठेवायचं, सगळी उत्तरं फसतात.

उत्तरेच्या खिडक्यांचा प्रश्न याहून वाईट. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवतीपासून मावळतीपर्यंत उत्तरेच्याच बाजूला राहतो. बोस्टनला दुपारी तो कायम दक्षिणेला. ‘उत्तरेला ऊन नाही, छज्जा उडवा’ असा निर्णय बोस्टनचं ऊन बघून घेतला, तर घर घेणारा उन्हाळाभर पडदे ओढून बसेल.

‘मॅनेज’ टॅबमधल्या ‘लोकेशन’मध्ये जाऊन शहराचं नाव टाकलं म्हणजे झालं, असंही नाही. औरंगाबाद लिहून पहिला पर्याय निवडला आणि पिन बिहारमधल्या औरंगाबादला बसली, तर आपण कर्कवृत्ताच्या पलीकडे गेलो. छत्रपती संभाजीनगरला उन्हाळ्यात जो सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तो तिथे सरकतच नाही. त्यामुळे नावाऐवजी साइटचे अक्षांश-रेखांश टाकावेत, आणि तेही बघून. सर्व्हेअरने १८ अंश ३१ मिनिटं दिलं आणि आपण १८.३१ टाइप केलं, तर साइट २३ किलोमीटर दक्षिणेला गेली; ३१ मिनिटं म्हणजे ०.५२ अंश. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल केली तर पुण्याचा प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात जातो. ही चूक मात्र नकाशावर लगेच दिसते, म्हणून तिची मला फारशी भीती वाटत नाही.

‘लोकेशन बदललं तरी सावली हलत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच: सन सेटिंग्जमध्ये ‘लायटिंग’ निवडलेलं असतं. त्यात सूर्य आपण दिलेल्या कोनावर ठाण मांडून बसतो. तारीख, वेळ, गाव कशाशीच त्याचा संबंध नसतो. ‘स्टिल’ (ठरावीक तारीख-वेळ) किंवा ‘सिंगल डे’ (पूर्ण एक दिवस) निवडा. डेलाइट सेव्हिंगची (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची) खूण असेल तर काढा, आपल्याकडे ती भानगड नाही.

मग एक सोपी परीक्षा घ्या. पुण्याचा प्रोजेक्ट असेल तर तारीख १३ मे, वेळ १२ वाजून ३१ मिनिटं द्या. हा पुण्याचा शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा सुमार. इमारतीची सावली जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. ठीक १२ वाजता बघितलं तर २० मीटरच्या इमारतीला अडीच मीटर सावली दिसेल, आणि ती चूक नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपली मध्यान्ह घड्याळापेक्षा उशिरा होते.

ही परीक्षा पास झाली तरी उत्तर दिशा चुकलेली असू शकते. सूर्य डोक्यावर असताना इमारत कुठेही तोंड करून उभी असली तरी सावली तेवढीच. लोकेशनची पिन दिशा ठरवत नाही, ती ट्रू नॉर्थने, म्हणजे खऱ्या भौगोलिक उत्तरेने ठरते. इथे लोक सगळं मॉडेलच हाताने फिरवतात, मग ग्रिड (खांबांच्या मांडणीच्या रेषा) तिरप्या होतात आणि स्ट्रक्चरलवाला फोन करतो. मॉडेल सरळच राहू द्या. प्लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये ओरिएंटेशन आधी ‘ट्रू नॉर्थ’ करा आणि मगच ‘पोझिशन’मधून ‘रोटेट ट्रू नॉर्थ’ वापरा. कोन आकड्यात देत असाल तर पूर्व की पश्चिम हे नीट पाहा. ३२ अंशांच्या प्लॉटवर ते उलटं झालं की फरक ६४ अंशांचा पडतो. उत्तर मोजणीच्या नकाशावरून किंवा सर्व्हेवरून घ्या. आपल्या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच असते, पण सळयांच्या ढिगाशेजारी धरलेला मोबाइल कसली उत्तर दाखवणार? वास्तुवाल्यांचं होकायंत्रही तिथे तेवढंच गोंधळतं.

तिसरी गोष्ट कोऑर्डिनेट्सची. सर्व्हेची डीडब्ल्यूजी (कॅडची ड्रॉइंग फाइल) यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत असली की पुण्याचा नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) २० लाख मीटरच्या वर असतो. रेव्हिट आपल्या अंतर्गत मूळबिंदूपासून साधारण १६ किलोमीटरच्या आतच नीट चालतं. फाइल ‘ओरिजिन टू ओरिजिन’ लिंक करून तिथेच मॉडेल काढायला घेतलं की रेषा थरथरतात, हॅच (भरणीच्या रेघा) तुटतात, स्नॅप (कर्सर नेमक्या बिंदूवर चिकटणं) बसत नाही. सेंटर टू सेंटर लिंक करा, डीडब्ल्यूजी हलवून-फिरवून मॉडेलवर बसवा आणि नंतर ‘अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स’ (त्या फाइलचे कोऑर्डिनेट्स मॉडेलला लावायची कमांड) द्या. विदर्भातल्या प्रोजेक्टला यूटीएमचा झोन तपासा: पुणे, मुंबई आणि अमरावतीसुद्धा ४३ मध्ये येतात, तर यवतमाळ, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. दोन सल्लागारांनी दोन झोन धरले की फायली एकमेकींवर बसणं विसरा.

एनर्जी अ‍ॅनालिसिस (इमारतीला किती ऊर्जा लागेल याचा हिशोब) करणार असाल तर हवामानाची आकडेवारी देणारं वेदर स्टेशनही उघडून पाहा. जवळचं म्हणून सुचवलेलं स्टेशन घाटाखालचं असू शकतं. महाबळेश्वर आणि महाड नकाशावर शेजारी दिसतात, पण मधल्या चढाची उंची हजार मीटरच्या वर आहे. अशा वेळी अंतर थोडं जास्त असलं तरी उंचीने जुळणारं स्टेशन निवडा.