लेकरांसाठी प्रार्थनेचा अर्धा तास कसा घ्यायचा

"जगातल्या सगळ्या अनाथ, गोरगरीब लेकरांना आशीर्वाद दे प्रभू" हे वाक्य आपल्या प्रत्येक उपासनेत असतं, आजारी लोक आणि राज्यकर्ते यांच्या मधे कुठेतरी, आणि तीन सेकंदात संपतं. त्यात वाईट काही नाही, पण बोलणाऱ्यालाच माहीत नसतं की मूल कुठलं, त्याच्यावर काय गुदरलंय, मग पुढे मागायला काही उरतच नाही. आमच्या चर्चमध्ये महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून महिन्यातून एकदा फक्त मुलांसाठी आणि त्यांच्या हक्कांसाठी अर्धा तास घेतात, कसं करता असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी, एका वेळी एकच जागा आणि एकच अन्याय घ्यायचा. सुदान पण, गाझा पण, वीटभट्टी पण, ऑनलाइन छळ पण असं सगळं एका बैठकीत कोंबलं की प्रार्थना बातम्यांच्या पट्टीसारखी होते. एक जण आठवडाभर आधी ठरवून घेतो, दोन-तीन भरवशाच्या ठिकाणी वाचतो (युनिसेफ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, चांगलं वर्तमानपत्र) आणि पाच मिनिटांत चार गोष्टी सांगतो: काय चाललंय, कोण करतंय, थांबवू शकणारं कोण आहे, आणि तिथे आत्ता कोण काम करतंय. बस. व्हॉट्सअॅपवर फिरणारे "अर्जंट प्रार्थना करा, अमुक देशात इतकी मुलं..." वाले मेसेज वाचायचे नाहीत, त्यातले निम्मे कधीचे असतात देव जाणे, खोट्या बातमीवर आमेन म्हणायला मला तरी जड जातं.

उदाहरण घ्या अफगाणिस्तानचं. तिथे सप्टेंबर २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद केली. हे एवढं माहीत झालं की मागण्या आपोआप सुचतात, घरात लपून शिकवणाऱ्या बाईंसाठी, तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून मोकळं व्हावं असं वाटणाऱ्या बापासाठी, हुकूम काढणाऱ्यांचं मन बदलावं म्हणून, रेडिओवर धडे देणाऱ्यांसाठी. आमच्यातल्या एक आत्या कधीच मोठ्याने प्रार्थना करायच्या नाहीत, त्या दिवशी पहिल्यांदा केली, म्हणाल्या माझी पण सातवीत शाळा सुटली होती.

मग वचन कुठलं घ्यायचं. नेहमी "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या" हेच काढतो आपण, गोड आहे, पण पवित्र शास्त्रात याहून खूप धारदार जागा आहेत. कर्ज आणि वेठबिगारी विषय असेल तर २ राजे ४ उघडा, विधवेच्या दोन पोरांना सावकार गुलाम म्हणून न्यायला आलाय. किंवा नहेम्या ५, लोक ओरडून सांगतात की आमच्या मुलामुलींना गुलामीत द्यावं लागतंय, आणि नहेम्या नुसतं डोळे मिटून बसत नाही, तो संतापतो, विचार करतो आणि बड्या लोकांना सभेत उभं करून जाब विचारतो. युद्ध असेल तर मत्तय २, हेरोदाने मारलेली बेथलेहेमची बाळं आणि रडणारी राहेल. भूक असेल तर विलापगीत २:१९, रात्री उठ, रस्त्याच्या नाक्यानाक्यावर भुकेने मूर्च्छित पडणाऱ्या लेकरांसाठी हात वर कर. नीतिसूत्रे ३१:८-९ तर मानवी हक्कांचं वचनच आहे, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने तोंड उघड. वचन आधी, माहिती नंतर, मग थोडा वेळ शांतता, मग प्रार्थना, हा क्रम आम्हाला जमला. शांततेत लोक चुळबुळ करतात, करू देत.

काही जण म्हणतात मानवी हक्क वगैरे सरकारी भाषा आहे, मंडळीत कशाला. मी उलट सांगेन, ती भाषा वापराच. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला, त्यात ५४ कलमं आहेत. महिन्याला एक कलम आणि एक स्तोत्र अशी जोडी लावली तर वर्षाचा कार्यक्रम तयार. कलम ७ म्हणजे नाव आणि नागरिकत्वाचा हक्क, जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंदच नाही असं युनिसेफ सांगतं, त्याबरोबर स्तोत्र १३९ वाचा, देव गर्भात असल्यापासून ओळखतो ते. कलम ३२ मजुरीतल्या पिळवणुकीचं, त्याबरोबर स्तोत्र १०. कलम ३१ खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क आहे, यावर प्रार्थना करायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, तर जखऱ्या ८:५ बघा, यरुशलेमचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले असतील.

आता आपल्या जवळचं. ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या भागातून माणसं निघतात, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि पोरं बरोबर, फडाजवळ कोपीत (झोपडीत) राहायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत. शाळा बुडते, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तर "ऊसतोड मजुरांच्या मुलांना सांभाळ" एवढ्यावर थांबायचं नाही, वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हावं, मुख्याध्यापकांना धीर मिळावा, मुकादमाच्या मनात न्याय यावा, उचल फिटावी, आजीची तब्येत टिकावी कारण मूल मागे राहणार ते तिच्याच भरवशावर, असं नाव घेऊन नाही पण गोष्ट घेऊन मागायचं. आणि इथेच पापांगीकार, म्हणजे देवापुढे आपली चूक कबूल करणं, येतो, कारण साखर आपण पण खातो. आणि ज्यांच्या घरात "मुलीसारखीच आहे" म्हणत बारा-तेरा वर्षांची पोर भांडी घासतेय त्यांनी त्या दिवशी पुढे येऊन प्रार्थना करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी तिला शाळेत घाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे, प्रेमाने ठेवलं तरी.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती नावांची. आपल्याकडे प्रार्थना विनंती म्हणून काय काय ग्रुपवर पडतं, अमुक गावातल्या तमुक मुलीवर असा प्रसंग आला, वडील हे करतात, फोटो सोबत, पुढे चार हात जोडलेले इमोजी. करणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण त्या मुलीचं पुढचं आयुष्य त्या मेसेजने बांधलं जातं. बाल न्याय कायदा २०१५ आणि पोक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्हीत मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नाही, गाव, शाळा, नातेवाईक, फोटो हे सगळं त्यात आलं. नाव बदलून "आपल्या मंडळीतल्या ड्रायव्हर भावाची मोठी मुलगी" असं लिहिलं तर काय उपयोग, सगळ्यांना कळतंच. साधा नियम ठेवा: देवाला नाव सांगायची गरज नाही, त्याला माहीत आहे, "एक लेकरू" एवढं पुरे. बालगृहाला भेट दिली तर मुलांना ओळीत उभं करून डोक्यावर हात ठेवून फोटो काढणं पण बंद करा, ते आपल्यासाठी असतं, त्यांच्यासाठी नाही.

आणि प्रार्थनेच्या बैठकीत, किंवा नंतर कोपऱ्यात, एखाद्या मुलाने सांगितलं की माझ्याशी कुणीतरी वाईट वागतंय, तर? तेव्हा ताबडतोब गोल करून प्रार्थना सुरू करायची नाही. ऐकायचं, विश्वास ठेवायचा, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवर सुद्धा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालतो (सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली होती), जिवाला धोका असेल तर ११२. आणि कृपा करून आरोपी आणि मूल यांना समोरासमोर बसवून "क्षमा कर बाळा, येशूने पण केली" हे कधीही करू नका. मंडळीचं नाव जाईल या भीतीने असं मिटवलं जातं आणि मग त्या मुलाला प्रार्थना या शब्दाचीच किळस बसते.

अत्याचार करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची का हा प्रश्न दर वेळी निघतो. करायची, पण क्षमेपासून सुरुवात करायची नाही. आधी त्यांचा हात थांबू दे, मग सत्य बाहेर येऊ दे, न्याय होऊ दे, मग पश्चात्ताप. स्तोत्रांमध्ये संताप सरळ बोललेला आहे, आपणच मऊ करून टाकतो.

शब्द सुचत नसतील त्यांच्यासाठी एक नमुना देते, असाच्या असा वाचू नका, आपल्या विषयाप्रमाणे बदला:

"प्रभू, हागारेचं पोर रानात रडत होतं तेव्हा तू मुलाची वाणी ऐकलीस. आज सुदानच्या दारफूरमधल्या निर्वासितांच्या तळावर एक लेकरू रांगेत उभं आहे, त्याची वाणी ऐक. पाण्याचा टँकर पोहोचू दे. रस्ता अडवून बसलेल्यांचं मन वळव, नाही वळलं तर त्यांची ताकद मोड. बंदुका विकणाऱ्यांचा धंदा बसू दे. नर्सला आज रात्री झोप दे. त्याची आई हरवली असेल तर यादीत तिचं नाव सापडू दे. आम्ही विसरू, आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन."

दारफूर म्हटलं की संत बखिता आठवतात. त्या तिथल्याच, लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकल्या गेल्या, पुढे इटलीत मुक्त झाल्या, सिस्टर झाल्या. ८ फेब्रुवारी हा त्यांचा सण, आणि २०१५ पासून कॅथलिक मंडळी तो दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा म्हणून पाळते. वसई-गोव्याकडच्यांनी मिस्सात प्रवचनानंतरच्या विनंत्यांमध्ये त्या दिवशी हा विषय घ्यावा, आणि आम्हा प्रॉटेस्टंट लोकांनी पण घ्यायला काय हरकत आहे.

शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) हेच करायचं असेल तर आकडे आणि भयानक फोटो नकोत. शाळेत न जाणाऱ्या एका मुलीबद्दल सांगा, मुलांना एक ओळ स्वतःची लिहू द्या. ती आपल्यापेक्षा नेमकं मागतात, "तिला दप्तर दे आणि तिच्या गावातला तो माणूस जाऊ दे".

एक वही ठेवा. तारीख, विषय, काय मागितलं, आणि सहा महिन्यांनी त्या विषयाचं काय झालं ते परत शोधून लिहायचं. नाहीतर दर महिन्याला नवीन दुःख आणि जुन्याचं काय झालं कुणालाच माहीत नाही. उपकारस्तुतीला पण मग खरा मजकूर मिळतो: २००० साली जगात २४ कोटींच्या वर मुलं बालमजुरीत होती, २०२४ चा आकडा १३ कोटी ८० लाख आहे, म्हणजे जवळपास निम्म्यावर आलाय. बालमजुरीच्या सर्वात वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा करार ऑगस्ट २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलेला झाला. याबद्दल कुठल्या मंडळीत आभार मानल्याचं मी तरी ऐकलं नाही.

प्रार्थना झाली की एक काम ठरवूनच उठायचं, छोटं चालेल. वसतिगृहाबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, कुणाच्या तरी जन्मदाखल्यासाठी ग्रामपंचायतीत एक खेप. पंडिता रमाबाई मोठ्या प्रार्थनेच्या बाई होत्या, पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन असंच वाढलं.

मूल ख्रिस्ती आहे का हे कुठेच विचारायचं नाही, आणि प्रार्थनेत "ते प्रभूकडे यावेत" हे शेपूट पण जोडायचं नाही. भुकेल्यासाठी अन्न मागताना अन्नच मागा.

तारखा लिहून ठेवा: ८ फेब्रुवारी तस्करी, १२ फेब्रुवारी बालसैनिक, मार्चचा पहिला शुक्रवार बायकांचा जागतिक प्रार्थना दिन (त्यातली उपासना दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहितात, ती नुसती वाचू नका, त्या देशातल्या मुलांची माहिती काढा), १२ जून बालमजुरी, २० नोव्हेंबर बालहक्क, १० डिसेंबर मानवी हक्क दिन, आणि २८ डिसेंबर, बेथलेहेमच्या निष्पाप बाळांचा दिवस, नाताळाच्या गडबडीत सगळे विसरतात तो. त्या दिवशी चार माणसं आली तरी घ्या, चहा मात्र ठेवा, थंडी असते.