प्रॉक्समॉक्स: एक नोड पडला की दुसऱ्यावर व्हीएम उठतच नाही

प्रॉक्समॉक्स म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी सर्व्हर प्रणाली. दोन नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर, एचए (एक नोड पडला की त्याचे व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठवणारी सोय) चालू. एकाची वीज काढली की दुसऱ्यावर ‘नो कोरम’ (प्रत्येक नोडचं एक मत, आणि उरलेलं एक मत पुरेसं नाही). एचए व्हीएम असतील तर तोही मिनिटभरात रीबूट. अपेक्षित मतं हाताने १ केली की काम होतं, पण मध्यरात्री ते करणार कोण? फार चिडचिड झाली.

उपाय असा: तिसरं मत देणारं बाहेरचं मशीन जोडायचं. क्लस्टरबाहेरच्या डेबियन (लिनक्स) मशीनवर ‘कोरोसिंक-क्यूनेटडी’ हे पॅकेज टाका (त्याच क्लस्टरमधल्या व्हीएमवर मुळीच नको). तिथे टीसीपी पोर्ट ५४०३ उघडा, रूटचं एसएसएच (मुख्य खात्याचं दुरून लॉगिन) तात्पुरतं चालू करा. मग दोन्ही नोडवर ‘कोरोसिंक-क्यूडिव्हाइस’ पॅकेज टाका. शेवटी, दोन्ही नोड चालू असताना, एका नोडवरून ‘पीव्हीईसीएम क्यूडिव्हाइस सेटअप’ ही कमांड आणि पुढे त्या डेबियन मशीनचा आयपी. ‘पीव्हीईसीएम स्टेटस’मध्ये अपेक्षित मतं ३, कोरम २ दिसायला हवा. व्हीएमची डिस्क मात्र सामायिक स्टोरेजवर किंवा रेप्लिकेशनमध्ये (दुसऱ्या नोडवर प्रत ठेवून) हवीच.