गोळ्या सुरू झाल्यावर मानेची गाठ वाढली तर

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागावर किंवा विडी वळण्यावर पोट असलेल्या घरांना क्षयरोग अपरिचित नाही. परंतु जुनी माणसे जिला गंडमाळ म्हणतात, तो मानेच्या गाठींचा क्षयरोग उपचार चालू असतानाच रुग्णाला चकवतो. गोळ्या नियमित घेऊनही काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, गाठ मोठी होते, दुखते, मऊ पडते किंवा शेजारी नवी उठते. औषधाने मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर, सावरू लागलेली प्रतिकारशक्ती जोराने तुटून पडते, म्हणून ही सूज येते. एचआयव्हीचे औषध नुकतेच सुरू झालेल्यांत ती अधिक आढळते.

अशा वेळी गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत, कारण अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गाठीची लांबी-रुंदी शिंप्याच्या टेपने आठवड्यातून एकदा मोजून तारखेसह वहीत लिहावी आणि त्याच पानावर ताप, वजन व चुकलेले डोस यांचीही नोंद ठेवावी. ही वही सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावी. गाठ वाढली म्हणजे प्रतिकारशक्तीची ही प्रतिक्रियाच, असे घरी ठरवणे धोक्याचे आहे. औषधाला न जुमानणारा क्षय आणि दुसरा आजार डॉक्टरांना आधी वगळावा लागतो, त्यासाठी सुईने पाणी काढून तपासणीही होते. गाठ दाबू नये, शेकू नये, कोणाकडून कापून घेऊ नये. स्टेरॉइड कधीकधी दिले जाते, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे.

लघवी नारिंगी होणे हा रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाचा रंग आहे, त्याने घाबरू नये. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अंगावर गांधी, ओठ सुजणे, धाप लागणे, नजर मंदावणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले, तर पुढचा डोस घेण्यापूर्वी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ सुजले किंवा धाप लागली, तर क्षणभरही थांबू नये.

सिफिलिस किंवा लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिजैविकानंतर पहिल्या काही तासांत येणारी थंडी-ताप-अंगदुखी हा गाठीच्या या सुजेहून वेगळा प्रकार असून ती बहुधा दिवसभरात ओसरते. गर्भवतीने मात्र ती तत्काळ कळवावी.

क्षयरोगाच्या उपचाराविषयी निक्षय या सरकारी क्षयरोग सेवेच्या १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावरही विचारता येते.